निवडणं

जहाजाच्या पोटातून उतरलात तेव्हा
तुमच्या हातात कागद होता, चार घड्यांचा.
धक्क्यावर आम्ही वीसेक टॅक्सीवाले,
त्यात बाई मी एकटी, ऑर्लीन.
तुम्ही थेट माझ्यापाशी आलात,
कागद बॉनेटवर पसरलात :
यातला कोणता?

आमच्या अँटिग्वात म्हणतात,
किनारे तीनशे पासष्ट, दिवसाला एक.
लीप वर्षात एकोणतीस फेब्रुवारीला
आम्ही पाय धुऊन घरी बसतो.
(हा विनोद मी रोज करते.
तुम्ही हसलात. यजमानांनी घड्याळ पाहिलं.)

तर आधी घड्याळाचंच बोलू.
जहाजाची वेळ बेटाच्या एक तास मागे.
गेल्या डिसेंबरात एका जोडप्यानं
तो तास दोनदा मोजला,
आणि धक्क्यावर ओल्या टॉवेलांनिशी
आपल्याच खोलीची खिडकी
लहान होत जाताना बघितली.

हाफ मून. नाव छान, फोटो त्याहून.
पण परवापासून वारा पूर्वेचा आहे,
शेवाळ लागलंय गुडघाभर, तपकिरी,
कुजक्या अंड्यासारखं.
फोटोला वास नसतो, बाई.

डिकिन्सन जवळ आहे. पण आज जहाजं तीन.
तिथल्या वाळूला आज
ऊनसुद्धा रांगेत उभं राहून मिळेल.

डार्कवूडला चला.
तुम्हाला पोहता येत नाही म्हणालात ना,
आज पाणी तिथे शहाण्यासारखं वागतंय.
खुर्च्या माझ्या मावसबहिणीच्या, भाव आधी ठरवा,
नात्यातली आहे म्हणून सांगते.
आणि लाल पट्टा मारलेल्या झाडाखाली
सर आली तरी उभ्या राहू नका.
पानांवरून गळणारं पाणी कातडी भाजतं.
फळ मात्र दिसतं गोड. तसलंच असतं ते.

वाटेत तुम्ही विचारलंत,
इतक्या पटकन कसं ठरवता?

माझी आई उंबऱ्यात सूप घेऊन
तुरीचे दाणे निवडायची.
चांगला दाणा ती उचलत नसे,
बोट फक्त किडक्यावर जाई.
बाजूला, बाजूला, बाजूला,
उरेल ते जेवण.
मी तेच करते, वारा बघून.

मग यजमान पहिल्यांदा बोलले :
आणि तुमचा स्वतःचा कोणता?

गिअर बदलायला मला उगाच वेळ लागला.

आहे एक. तुमच्या कागदावर नाही.
बाबा तिथे पहाटे जाळं ओढायचे,
मी दोराच्या शेपटाला लोंबकळून
मदत करतेय असं समजायची.
कायदा सांगतो, किनारा सगळ्यांचा.
खरं आहे. वाळू सगळ्यांचीच.
रस्ता तेवढा हॉटेलच्या फाटकातून जातो,
आणि फाटकावरचा डेनफील्ड,
माझ्याच वर्गात होता, माझ्याच बाकावर,
वही उघडून विचारतो,
कुणाकडे जायचंय?

ईस्टरला जाते मी, होडीतून.
समुद्राकडून यायला फाटक नाही अजून.

तुम्ही दोघं गप्प झालात.
अहो, गप्प व्हायचं काय त्यात,
ते बघा डार्कवूड, उतरा, सँडल हातात घ्या,
तीनला हॉर्न देईन, बेटाच्या तीनला.

दिलाही. तुम्ही आलात,
बाई, कंबरेपर्यंत भिजलेल्या
आणि शाळकरी पोरीसारख्या बडबडणाऱ्या :
लाट अशी आली, मी अशी उभी राहिले.
यजमानांनी पैसे दिले, वर काही दिले,
आणि कागद सीटवरच राहिला.
उद्या दुसरं बेट, दुसरा कागद.

साडेपाचला तुमचं शहर भोंगा देऊन
पांढरं पांढरं निघून गेलं.
मी पोस्टामागे गाडी लावून
मागची सीट झाडायला घेतली.

सकाळच्या जर्मन पोरांची वाळू उत्तरेची,
तुमची डार्कवूडची,
आणि पायपुसण्याच्या कडेला थोडी जाड, करडी,
गेल्या ईस्टरची, अजून निघत नाही.
तळहातावर घेऊन पाहिली.
आईचं बोट असतं तरी
हे निवडता आलं नसतं.

केरसुणी बाजूला ठेवली.
उद्या जहाजं चार आहेत,
आणि वारा वळतोय.