टॉलरन्स

पहाटे साडेपाचला पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन
वेताळ टेकडी चढतो.
गुडघा वाजतो, ग्रीस संपलेल्या बेअरिंगसारखा.
खाणीच्या अलीकडे, डाव्या हाताला,
माझं एक मोईचं रोप आहे.
म्हणजे रोप सरकारचं. पाणी माझं.

खिशात व्हर्निअर असतो.
जानेवारीत खोड भरलं अकरा पॉइंट चार.
फेब्रुवारीतही अकरा पॉइंट चारच.
हसू नका. भोसरीच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं
मी दुसरं काही केलंच नाही.

पहिल्याच दिवशी दस्तगीर मिस्त्री म्हणाले होते,
"ड्रॉइंगवर सगळं लिहिलेलं असतं बाबा.
किती पाहिजे, आणि किती चुकलं तर चालेल."
दुसरं वाक्य मी ऐकलंच नाही.
तेवीस वर्षांचा होतो.
असा एक डाय बनवायचा की जर्मन लोकांनी हात लावून बघावा,
मग मेलो तरी हरकत नाही.
बनला. कोपऱ्यात नाव कंपनीचं पडलं.
मी जेवायला गेलो.

मग केतकी झाली, कोथरूडचा फ्लॅट झाला.
कशासाठी, असं स्वतःला विचारायला
नाशिक फाट्याचा सिग्नल तेवढा मिळायचा,
आणि तो सुटायचा.
उत्तर फीच्या पावतीवर शिक्का मारून यायचं.
वाईट नव्हतं ते उत्तर.

निवृत्तीला सगळा वेळ रिकामा करून
वर घड्याळ दिलं.
वर्षभर बाल्कनीतून सोसायटीचे टँकर मोजले.
शैला म्हणाली, "बाहेर पडा जरा,
भिंतींनाही माणसाचा कंटाळा येतो."

मार्चअखेर टेकडीवर वणवा लागला.
कुणी म्हणे विडी, कुणी म्हणे मुद्दाम.
रोपाची काळी काडी झाली.
दुसऱ्या दिवशी बाटल्या का भरल्या, सांगता येत नाही.
ओतलं पाणी. राख जराशी सरकली.
पळणारा एक पोरगा थांबला,
कानातलं एक बोंडूक काढून म्हणाला,
"काका, मेलंय ते."
म्हटलं, "असेल."

नऊ आठवडे त्या "असेल"वर काढले.

काल बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, काहीतरी हिरवट.
कोंब असेल. गवत असेल.
व्हर्निअर काढला, जबडे उघडले,
आणि तसेच मिटून खिशात ठेवले.

मिस्त्री, तुमचं ते दुसरं वाक्य
आत्ता कुठं ऐकू आलं,
आणि हातात ड्रॉइंगच नाही.

बाटलीत घोटभर उरलं होतं.
शेजारच्या हिवराला घातलं.
त्याचा आकडा मला माहीत नाही.