रेषा

पोरिरुआ. जुलै. इकडे जुलै म्हणजे हाडं गोठवणारा.
कायद्यानं नेमून दिलेले प्रश्न घेऊन मी
लोसिवालेच्या दारात, दुसऱ्या वर्षी.

धड बुटांचे दोन जोड आहेत का, प्रत्येकाला?
ती उंबऱ्याशी बघते, मोजते.
"गमबूट धरायचे का?"

दिवसाआड मांस, मासळी?
"रविवारी. चर्चनंतर."

पैशांपायी डॉक्टर लांबणीवर टाकलात?
आत कुणीतरी खोकतं.
एका हीटरभोवती चार गाद्या,
भिंतीवरच्या बुरशीला गेल्या वर्षीपेक्षा
एक बेट जास्त.

कायदा चांगला आहे, मी सांगते,
सरकारला दरवर्षी आकडा जाहीर करावाच लागतो,
झाकता येत नाही.
"मग आम्ही कुठे?" ती विचारते.

यंदा सगळ्या देशाचीच मिळकत घसरली.
मधला माणूस खाली उतरला,
त्याच्या कमरेला बांधलेली रेषाही.
लोसिवाले होती तिथेच उभी
आणि वर आली.

हे कसं सांगावं, ते फॉर्मात दिलेलं नाही.
"वर," मी म्हणते.

ती आत वळून सामोअन भाषेत
मोठ्यानं काहीतरी सांगते.
खोकला थांबतो.
कुणीतरी टाळ्या वाजवतं.