शाळेच्या वळणावर, परीक्षेला तीन आठवडे

थांबा. लॉरी जाऊ दे आधी.
दुधाची आहे, उतारावर तिला ब्रेक लागता लागत नाही.
तोवर ऐका म्हाताऱ्याचं. फुकट आहे.

एमर, मफलरखाली दडवलेलं पुस्तक मला दिसतंय.
रस्ता ओलांडताना समानार्थी शब्द पाठ करायचे नसतात.
चाकाखाली आलीस तर 'चिरडणे'चे
सगळे एकदमच कळतील.

हसलात. बरं झालं.
सोमवारपासून कुणी हसलं नव्हतं या वळणावर.

एनिस्किलनचा नोव्हेंबर म्हणजे साडेचारला दिवे,
आणि सरोवरावरून येणारा वारा,
कोटाच्या काजांतून आत शिरून बरगड्या मोजणारा.
अशात तुम्ही शाळेतून शिकवणीला,
शिकवणीतून घरी,
घरी पोचलात की पुन्हा जुन्या प्रश्नपत्रिकांत.
कीलन, या आठवड्यातली ही कितवी तुझी? नववी?
आमच्याकडे गाय आठवड्यात चौदा वेळा पिळतात, बाळा,
पण मधल्या वेळात तिला चरायला सोडतात.

झोपा. नऊ वाजता.
आदल्या रात्री नाही, आजपासून.
झोप काही उधारीवर मिळत नाही.

एखादा प्रश्न अडला, तर तो वाटेत उभा राहिलेला बैल समजा.
ढकलायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत,
कुंपणाकडून वळसा घालून पुढची शेतं उरकायची.
परत येता तेव्हा
बहुतेक वेळा तो बसलेला असतो.
नसला तर नसला.

पेन्सिली दोन न्या. एक पडतेच.
पडली की सगळा हॉल वळून बघतोय असं वाटतं.
कुणी बघत नसतं. ज्याला त्याला आपली पडली आहे.

आणि बेरजेत हातचा विसरू नका.

मी विसरलो होतो.
सदुसष्ट साली, तिसऱ्या गणितात, हातचा एक.
तेवढ्यानेच गेलो असं नाही,
पण इतक्या वर्षांत तो एकच आठवतो.
आम्ही जुळे. ब्रोना आणि मी.
पोस्टमनने दोन पाकिटं आणली,
तिचं जाड, माझं पातळ,
उघडायची गरजच नव्हती.
आईने तिला निळा ब्लेझर घेतला.
मला काही घेतलं नाही, काही लागणारच नव्हतं.
सप्टेंबरपासून एकाच थांब्यावर उभे राहायचो,
एका पोटातून आलेले दोघे,
तोंडं मात्र दोन दिशांना.
तिची बस आधी यायची.

रात्री दिवा मालवला की भिंतीपलीकडून
ती मला त्या दिवशी शिकलेला एक लॅटिन शब्द द्यायची,
हळूच, चोरून आणलेल्या सफरचंदासारखा.
'हा तुझा हातचा,' म्हणायची.
शंभरेक आहेत अजून माझ्याकडे.
कशाला लागत नाहीत.
टाकवतही नाहीत.

परीक्षा सोपी असते असं मी म्हणणार नाही.
ही पाटी मला खोटं बोलायला दिलेली नाही.
कोणी या बसमध्ये चढेल, कोणी त्या,
आणि दोन्ही बसच्या काचांवर
सकाळी सारखंच धुकं धरतं, बोटाने चित्र काढता येतं,
इतकंच मला नक्की माहीत आहे.

अहो, गाडीतले आईबाबा, जरा काच खाली घ्या.
हॉर्न पुरे. तुम्हालाही सांगायचंय.
निकाल येईल त्या दिवशी जेवताना बोला.
मेंढ्यांवर बोला, पावसावर बोला,
शेजारच्याच्या नव्या ट्रॅक्टरला नावं ठेवा,
पण गप्प बसू नका.
माझे वडील गप्प बसले होते.
बटाटे वाढले, मीठ पुढे केलं, आणि गप्प.
ते जेवण अजून संपलेलं नाही.

चला, गेली लॉरी.
पळायचं नाही. घसरडं आहे.
एमर, दे ते पुस्तक इकडे.
पलीकडे पोचलीस की देतो.