हिरव्या कानांचा कप

सीताबर्डीहून आणलेला हिरव्या कानांचा कप.
उत्पला त्याला आधी आपटते,
मग उलटा धरून त्याच्या बुडाशी बोलते.

कूलरमध्ये पाणी भरून आलो, कोपरापर्यंत ओला.
ती माझं कोपर चाटते,
कपाकडे बघतही नाही.

प्रणिताची मेडिकलमधली ड्यूटी आजपासून.
"घेईल नं बाप्पा," म्हणाली जिना उतरताना,
ओढणी छातीशी दाबून.

दुपारी तीनला मीच ती चोच तोंडात धरली,
चोखून दाखवली.
कोमट पाणी, प्लास्टिकची चव.
हिसकावलाच तिनं कप.
एक घोट. ठसका.
हनुवटीवरून ओघळ थेट बेंबीपर्यंत.

दुसरा घोट मात्र आत गेला.
ऐकू आला मला
कूलरच्या घरघरीतही.

प्रणिताला सांगायला फोन उचलला,
मग तसाच ठेवला.
या वेळेला पान्हा फुटतो तिला.