नमुना ४१७-ब

डीएमएसओची बाटली एसीत पुन्हा गोठली.
अठरा अंशांनाच दगड होतो त्याचा,
म्हणून रबाळ्याच्या या लॅबमध्ये रात्रपाळीला कुणीतरी
बाटली तळहातांत धरून उभं असतं,
घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसं.
आज मी.

सबनीस सरांनी आलेखावर लाल पेनाने गोल केलाय.
जिथे एक शिखर हवं तिथे दोन,
एक उंच, दुसरं त्याच्या खांद्याशी.
बाजूला एकच शब्द: अशुद्ध.
चौदा दिवस हा रेणू मी गाळला, वाळवला,
स्तंभातून थेंब थेंब उतरवला.
आणखी कुठून धुवायचा?

सरळ साखळी होती तेव्हा तिला आकारच नव्हता.
ग्लायसिन तर अंगावर काही न घेता आलेलं,
वाटेल त्या कोनात मान टाकणारं.
डोळा लवायच्या आत कोटी बैठका,
आणि ज्या कुलपासाठी घडवली
त्यात एकही बसेना.
मग टोकाला टोक जोडलं, सहा जणांचा फेर झाला.
फेरात प्रोलिन घातलं,
स्वतःचाच हात मागे वळवून
स्वतःच्याच कण्याला टाचलेलं.
एका नायट्रोजनवरचा हायड्रोजन उचलून
तिथे मिथिल बसवला, दारात बाकडं टाकावं तसा.
येणाऱ्याजाणाऱ्याला आता वळसा घ्यावाच लागतो.

आणि अमाइडचा तो बंध!
कागदावर एकेरी काढतो आपण,
वागतो मात्र अर्धा दुहेरी.
सहज म्हणून फिरतच नाही.
फिरला तर सगळा जोर लावून
इकडचा तिकडे,
अधेमधे मुक्काम नाही.

दादांना हे उघाडीवरून सांगितलं होतं मी.
गोठिवलीच्या खाजणात आमची उघाडी होती,
लाकडी झडप, ओहोटीला उघडायची,
भरती आली की आपसूक मिटायची.
भराव पडला, वर कंपन्या आल्या;
झडप अजून पोटमाळ्यावर आहे, बिजागरासकट.
"मंग तुजा रेणू उघाडीच की गो," दादा म्हणाले.
जवळजवळ, दादा.
फक्त याला खाडी लागत नाही,
ऊब लागते.

म्हणून रात्री अकराला रेजीला म्हटलं, नळी तापव.
तो म्हणाला, प्रोब जळला तर तुझ्या पगारातून.
तरी तापवली.

पंचवीसला दोन.
साठला दोनच, जरा जवळ सरकलेली.
ऐंशीला कडा बोथट झाल्या,
नव्वदला टेकाडं,
आणि पंच्याण्णवला तिथे काही उरलंच नाही,
नुसती खरखर.
रेजीने माझ्याकडे पाहिलं नाही.
मी पडद्याकडे पाहिलं नाही.
मशीनचा पंप टकटकत होता.

एकशे दहाला एक शिखर उभं राहिलं.
दोघांच्या मधोमध नव्हे,
जास्त वस्ती जिकडे होती तिकडे झुकून.

थंड केलं. पुन्हा दोन.
भेसळ अशी मिसळत नाही, मिसळली तर पुन्हा सुटत नाही.
हा एकच रेणू होता, दोन बैठकांत बसणारा,
आणि आमचं यंत्र इतकं सावकाश बघणारं
की त्याला ती दोन माणसं वाटली.

पहाटे तीनला आईचा फोन.
"जेवलीस का गो?"
"व, जेवली. तू नीज."
फोन ठेवला आणि त्याच हातांनी टाइप केलं:
सदर नमुन्यातील दुहेरी संकेत
अमाइड बंधाच्या मंद परिभ्रमणामुळे असून...

मुलाखतीच्या दिवशी सबनीस सरांनी विचारलं होतं,
घरी वेगळं बोलता का तुम्ही लोक?
तेव्हा मी नाही म्हणाले होते.

सात आलेख एकाखाली एक लावले, तापमान लिहिलं.
लाल गोल तसाच ठेवला, शब्दही.
रेजी चहा घेऊन आला, साखर विसरून.
बाटली टेबलावर पुन्हा कडेने पांढरी व्हायला लागली होती.