अधिक-उणे

प्रगतिपुस्तकातला शेवटचा शेरा होता:
‘घाई करते. पायऱ्या लिहीत नाही.’
त्या जूनपासून ऋजुता घरीच.
म्हणजे सकाळी घरी, आणि दुपारनंतर
उद्यमनगरात, माझ्या लेथमागच्या स्टुलावर,
कानात कापूस, पाय अधांतरी.
शेजारच्या शेडातले दस्तगीरमामा येता-जाता म्हणायचे,
‘पोरीचं डोस्कं लई तापतंय गा,
कूलंट मार जरा.’

मी बारावी नापास. गणितातच.
हे तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
ती म्हणाली, बरं झालं,
म्हणजे तुम्ही मला उत्तर सांगणार नाही.

सुरुवात शेंगदाण्यांपासून.
बारा दाणे: तीन ओळी, चार-चारच्या.
नाहीतर दोन, सहा-सहाच्या.
पंधरा बसले. सोळांचा तर चौरसच झाला.
तेरा मात्र कसेही मांडा,
एक दाणा दाराबाहेर उभा.
हे हट्टी आहेत, ती म्हणाली.
त्यांना मूळ संख्या म्हणतात
हे मी रात्री पुस्तकात वाचून तिला सांगितलं.
तिनं मान डोलावली
आणि हट्टीच म्हणत राहिली.
सतरा. एकोणीस. तेवीस.
‘हे कधी संपतात का, पप्पा?’
दाणे संपले होते. मी म्हणालो, बघू.

चार दिवस मी बघत होतो.
पाचव्या दिवशी परीख पुलाखाली, गाड्यांच्या कोंडीत,
मागच्या सीटवरून तिनं माझ्या पाठीवर
बोटानं लिहायला घेतलं.
धरा, संपले.
सगळे हट्टी एकमेकांशी गुणा.
वर एक दाणा टाका.
आता सांगा, यातला कोण त्याला भागणार?
कोणीही भागा, तो एक दाणा उरतोच.
म्हणजे यादीत नसलेला कुणीतरी आहे.
मागून हॉर्न. शर्ट घामानं चिकटलेला.
एकही पायरी गाळली नव्हती तिनं.

रंकाळा मोजायला गेलो तेव्हा
सायकलच्या चाकाला लाल दोरा बांधला.
प्रत्येक फेरीला दोरा जमिनीला टेकला की एक.
दगडी काठावर सगळं सरळ चाललं.
संध्यामठाच्या पुढं काठ कुठं आणि चिखल कुठं,
चाक आत घालायचं की बाहेरून न्यायचं?
‘मुंगीनं मोजला तर जास्त भरेल,’ ती म्हणाली,
आणि तेवढ्यात एक पाणकावळा उडाला.
आकडा विसरलो दोघेही.
भेळ खाल्ली. परत आलो.

शक्यता तिला आईनं शिकवली.
आई सरकारी दवाखान्यात नर्स, रात्रपाळीला.
या तापात शंभरातले नव्याण्णव बरे होतात, तिनं सांगितलं.
ऋजुतानं विचारलं, आणि तो एक
कुठल्या खाटेवर असतो?
आईनं डबा भरला, घड्याळ बांधलं,
चप्पल घालता घालता म्हणाली,
‘ते कळत नाही म्हणून तर
रात्रभर सगळ्याच खाटांपाशी जावं लागतं.’
त्या दिवशी वहीत तिनं काहीच लिहिलं नाही.

काल चाळीस मिलिमीटरचा बुश काढत होतो.
मायक्रोमीटर लावला, तिला दाखवला.
‘हे गोल आहे?’
आहे. अधिक-उणे दोन शतांशात.
‘आणि दोन शतांश नसतील तर?’
तर एक शतांश असेल. तोही नसेल तर
आपल्याला दिसणार नाही एवढं काहीतरी.
‘म्हणजे खरा गोल?’

तेवीस वर्षं झाली या मशीनवर.
पंपांचे, ट्रॅक्टरचे, गुऱ्हाळाच्या चरकाचे,
किती गोल गेले या हाताखालून,
ट्रकानं गेले.
एकसुद्धा नव्हता.

मशीन बंद केली. पट्टा थोडा वेळ फिरत राहिला.
ती डोळे मिटून बसली होती.
‘माझ्याकडे आहे एक,’ ती म्हणाली.
मी कापडाला हात पुसले.
म्हणालो, दाखव.
तिनं जमिनीवरचा खडू उचलला,
वाकली,
आणि मग
तसाच परत ठेवून दिला.