लांब काटा तासाचा

इथे आधी धाप लागते, मग गाव दिसतं.
बान्स्का श्तियाव्नित्सा. नाव घेतानाच
जीभ दोनदा ठेचकाळते.
पुढे ओतिलियाबाई. आभाळ लख्ख,
तरी हातात मिटलेली निळी छत्री उंच धरलेली.
"पावसासाठी नाही," म्हणाल्या,
"तुम्ही हरवू नये म्हणून."

आम्ही सातजण. त्यात पोलंडहून आलेले दोन भाऊ,
गाडी कुठे लावायची यावरून सकाळपासून भांडणारे,
आणि त्र्नावाची एक मुलगी, जी फक्त दारांचे फोटो काढते.

पहिली गोष्ट सरड्यांची.
एका धनगराला म्हणे दगडाखाली दोन सरडे दिसले,
एकाच्या पाठीवर सोन्याची धूळ, दुसऱ्याच्या रुप्याची.
"त्या दिवसापासून आम्ही दगड उलथतोच आहोत."
हे वाक्य त्यांनी हजारदा म्हटलं असणार,
तरी थांबल्या, आम्ही हसेपर्यंत.

जुन्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे,
त्याचा लांब काटा तास दाखवतो, आखूड काटा मिनिटं.
असं का, म्हणून विचारलं
तर बाईंनी तीन कारणं सांगितली.
तिन्ही पटली नाहीत, त्यांनाही.
थोरल्या भावानं मनगटावरचं घड्याळ त्याप्रमाणे लावलं
आणि पुढचा सगळा दिवस तो वेगळ्याच वेळेत चालला.

मग चढावरचा ठोक्यांचा मनोरा.
पहाटे लाकडी फळीवर मोगरी आपटायची,
खाणकामगार उठायचे.
कुणी गेलं तर तीच फळी, तीच मोगरी, फक्त सावकाश.
"माझ्या आजोबांचे आजोबा या ठोक्यांवर उठत."
आता तिथे चहा मिळतो. आम्ही प्यायलो.
लिंडनच्या फुलांचा, जरा पातळच होता.

खाणीच्या तोंडाशी गुडघ्यापर्यंतचे कोट, हेल्मेट, हातात दिवा.
आत जाताना म्हणायचं: ज्दार बोह, देव यश देवो.
आम्ही म्हटलं, शाळेतल्या प्रार्थनेसारखं, मागेपुढे.
भिंत ओली. बाईंनी बोटाच्या पेरानं ती ठोकून पाहिली,
नारळ ठोकावा तशी, आणि कान लावला.
"वडिलांना यावरून कळायचं. मला नाही कळत.
मी नुसती ठोकते."

"आता दिवे बंद. एकच मिनिट."

असा अंधार मी पाहिला नव्हता,
म्हणजे तेव्हाही पाहिला नाहीच.
कुठेतरी थेंब पडत होता. भाऊ गप्प झाले.
आणि आतापर्यंत न ऐकलेल्या आवाजात बाई म्हणाल्या,
"खाण बंद झाली त्या दिवशी वेन्देलीन, माझे वडील,
भर दुपारी घरी आले.
आईनं सूप वाढलं. खिडकीतून ऊन थेट ताटावर पडलेलं.
त्यांनी चमचा उचलला, खाली ठेवला,
उठून पडदा ओढला, आणि मग जेवले.
त्यानंतर अकरा वर्षं
आमच्याकडे दुपारी पडदा ओढलेलाच असे."

थेंब पडला. आणखी एक.
कोणी काही बोललं नाही, आणि ते बरं झालं.

दिवे लागले. "डोकी सांभाळा, पुढे छत खाली येतं,"
बाई पुन्हा तीच बाई, तोच पाठ केलेला सूर.

बाहेर इतकं ऊन होतं की सगळ्यांचे डोळे बारीक झाले.
खाली उतारावर मनोऱ्यातलं घड्याळ दिसत होतं,
दोन्ही काटे जवळजवळ एकावर एक.
किती वाजले, कोणालाच सांगता येईना.
धाकटा म्हणाला, विचार ना तुझ्या घड्याळाला.
थोरला हसला, सकाळपासून पहिल्यांदा.

छत्री आतच राहिली होती.
बाईंच्या ते लक्षात आलेलं नव्हतं.
त्यांनी सवयीनं हात वर केला, रिकामा,
मूठ छत्रीवर असावी तशी वळलेली,
आणि चालू लागल्या.
आम्ही सातही जण मुकाट त्यांच्या मागे,
त्र्नावाची मुलगीसुद्धा, एकही दार न टिपता.